समासातलं उत्तर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्या सरांनी पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलं आणि त्यांच्या हाताखाली मी काम शिकलो. व्याख्यानमालेच्या समितीने बोलावलं तेव्हा धरणांची सुरक्षा, गाळ, भूकंप असे विषय सुचवले होते. ते मी बाजूला ठेवले. आज मला प्रकल्पावर काम करणाऱ्या माणसांच्या आपसातल्या बोलण्याविषयी सांगायचं आहे. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत हा विषय कुणी शिकवत नाही आणि नोकरीच्या तीस-पस्तीस वर्षांत मात्र सगळं त्याच्याभोवती फिरतं.

गटात संवाद चांगला असला की काम चांगलं होतं, हे कुणीही मान्य करेल. पण चांगला म्हणजे कसा? भरपूर बैठका झाल्या म्हणजे चांगला, की सगळे मोकळेपणाने बोलतात म्हणजे चांगला? माझं मत वेगळं आहे. गटातल्या सगळ्यांत खालच्या माणसाला शंका आली, तर ती कुठवर जाते आणि तिचं उत्तर त्याच्यापर्यंत परत येतं का, यावर मी तो संवाद तोलतो. आपण 'सांगितलं का?' एवढंच विचारतो. 'उत्तर काय आलं?' हे विचारतच नाही. आजची सगळी उदाहरणं मी या एका प्रश्नासाठी निवडली आहेत.

बहुतेक उदाहरणं अमेरिकेच्या 'नासा'ची आहेत, आणि ती घेण्यामागे साधं कारण आहे. अपयश आलं की तिथे चौकशी होते, साक्षी होतात आणि अहवाल जसाच्या तसा लोकांपुढे येतो. कोण काय बोललं, कोण गप्प राहिलं, हे पानापानावर वाचता येतं.

११ डिसेंबर १९९८ रोजी 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान फ्लोरिडातून निघालं. नऊ महिन्यांहून अधिक प्रवास करून २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते मंगळाजवळ पोहोचलं आणि कक्षेत शिरण्यासाठी इंजिन चालवत मंगळाच्या मागे गेलं. मागे गेल्यावर रेडिओ संदेश काही काळ बंद पडणार हे ठरलेलंच होतं. तो अपेक्षेपेक्षा ४९ सेकंद आधी बंद पडला आणि पुन्हा आला नाही.

कारण तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. यान कोलोरॅडोत लॉकहीड मार्टिन कंपनीने बांधलं होतं, आणि त्याचा मार्ग कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतला गट आखत होता. यानाचे छोटे थ्रस्टर चालले की त्यांच्या धक्क्याचा हिशेब एका फाइलमधून या गटाकडे जायचा. करारात तो न्यूटन-सेकंदांत द्यायचा असं लिहिलं होतं, पण कंपनीच्या संगणक प्रणालीने तो पौंड-सेकंदांत दिला. दोन्हींत ४.४५ पटींचा फरक. वर्गात ही गोष्ट सांगितली जाते ती 'एकक लिहायला विसरू नका' या तात्पर्यासाठी.

चौकशी मंडळाचा अहवाल वाचला तर या तात्पर्यावर थांबता येत नाही. मंडळाचे अध्यक्ष होते आर्थर स्टीफन्सन, नासाच्या मार्शल केंद्राचे संचालक. मार्शल हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. एककाची चूक हे मूळ कारण म्हणून मंडळाने नोंदवलंच, पण ती चूक नऊ महिने कुणाच्या हाती कशी लागली नाही, याचाही मंडळाने शोध घेतला.

यानाला सौरपंख होता तो एकाच बाजूला. त्यामुळे सूर्यप्रकाशाचा दाब दोन्ही बाजूंना सारखा पडत नसे, यान हळूहळू वळू पाहत असे आणि ते सावरण्यासाठी थ्रस्टर पुन्हापुन्हा चालवावे लागत. मार्ग आखणाऱ्या गटाला जितक्या वेळा अपेक्षित होतं, त्याच्या दहा ते चौदा पट वेळा ते चालले. यान कागदावर उतरत होतं तेव्हा या गटातली माणसं त्या कामात नव्हती. प्रक्षेपणाच्या सुमारास त्यांच्याकडे ते सोपवलं गेलं, शिवाय त्याच माणसांवर आणखी दोन मंगळ मोहिमांचा भार होता. त्यामुळे या यानाची चाल त्यांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. त्यात पहिले चार महिने त्या फाइलच्या मांडणीतच दोष होते. फाइल वापरता येईना, म्हणून आकडे ई-मेलने मागवून गाडा ओढला. एप्रिल १९९९ मध्ये फाइल नीट वाचता येऊ लागली आणि थोड्याच दिवसांत काही माणसांच्या लक्षात आलं की हिशेब जुळत नाही.

म्हणजे शंका आली होती, आणि वेळेत आली होती. त्यांनी ती बोलून दाखवली, ई-मेलवर लिहिलीही. पण काही अनपेक्षित दिसलं तर नोंदवण्यासाठी जो ठरलेला फॉर्म होता, तो भरला गेला नाही. एवढ्याने काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. फॉर्म भरला असता तर त्या शंकेला क्रमांक मिळाला असता, ती कुणाच्या तरी नावावर चढली असती, आणि तिचा निकाल लावल्याशिवाय तिची नोंद बंद करता आली नसती. ई-मेल वाचणाऱ्याच्या मनात आलं तरच त्याचं उत्तर येतं. या ई-मेलना कुणी मुद्दाम टाळलं असं अहवालात कुठेही म्हटलेलं नाही. त्यांचं उत्तर देणं हे कुणा एकाचं काम नव्हतं, इतकंच. संबंधित गटांमधला संपर्क फार अनौपचारिक होता, अशी नोंद मंडळाने केली आहे.

पुढचे आकडे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. १५ सप्टेंबरला मार्गाची चौथी दुरुस्ती झाली तेव्हा यान मंगळाच्या पृष्ठभागापासून २२६ किलोमीटरवरून जाणार असं गणित होतं. पुढच्या आठवड्यात ते १५० ते १७० किलोमीटरवर आलं. अखेरच्या चोवीस तासांत ११०. यान तगून राहायला किमान ८० किलोमीटर उंची हवी होती. मागाहून काढलेल्या हिशेबानुसार ते ५७ किलोमीटरवरून गेलं. मार्ग वर उचलण्यासाठी पाचव्या दुरुस्तीची चर्चा त्या शेवटच्या दिवसांत झाली होती, पण दुरुस्ती केली गेली नाही. आकडा खाली खाली येत होता, तो पाहणारी माणसं होती, आणि तरीही 'हे असं का होतंय, हे कळेपर्यंत मी पुढे जाऊ देणार नाही' असं म्हणण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. आपल्याकडे चौकशीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'तोंडी सांगितलं होतं, साहेब.' ते बहुतेक वेळा खरंही असतं.

यावर कुणी म्हणेल, मग सगळं लेखी करा, बैठका घ्या, म्हणजे झालं. त्याचंही उदाहरण त्याच संस्थेत आहे, आणि ते जास्त दुःखद आहे.

२७ जानेवारी १९८६ची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी नासाचं 'चॅलेंजर' हे स्पेस शटल उडायचं होतं. फ्लोरिडात त्या मोसमात क्वचित पडते तशी थंडी पडणार होती. चॅलेंजरच्या दोन्ही बाजूंच्या घनइंधन रॉकेटांचे भाग एकमेकांना जोडताना सांध्यात रबराची कडी बसवलेली असे. रबर थंड झालं की ताठर होतं आणि फट लगेच बुजवत नाही. ही रॉकेट बनवणारी मॉर्टन थायोकोल कंपनी युटामध्ये. तिथला अभियंता रॉजर बॉइसजोली याने सहा महिने आधी, ३१ जुलै १९८५ रोजी, आपल्या कंपनीतल्या वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की हा सांधा सुधारला नाही तर माणसांचे जीव जातील. यापेक्षा स्पष्ट कसं लिहायचं?

त्या रात्री युटा, अलाबामातलं मार्शल केंद्र आणि फ्लोरिडातलं केनेडी केंद्र अशी तीन ठिकाणं फोनवर जोडून बैठक झाली. तक्ते पाठवले गेले. बॉइसजोली आणि त्याचे सहकारी सगळं बोलले. ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नये, अशी शिफारस कंपनीने आधी केलीही. मार्शलच्या अधिकाऱ्यांना ती पटली नाही, आणि त्यांनी तसं ठणकावून सांगितलं. तेव्हा कंपनीने आपसात बोलण्यासाठी पाच मिनिटं मागून घेतली. ती अर्ध्या तासावर गेली. त्या अर्ध्या तासात एका वरिष्ठ व्यवस्थापकाने अभियांत्रिकी प्रमुखाला सांगितलं की आता अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. मग चार व्यवस्थापकांनी मिळून निर्णय घेतला. खोलीतल्या अभियंत्यांना मत विचारलं गेलं नाही. बैठक पुन्हा सुरू झाली तेव्हा कंपनीचं उत्तर बदललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून अडतीस मिनिटांनी चॅलेंजर उडालं आणि ७३ सेकंदांत सात माणसांसह नष्ट झालं.

इथे शंका लेखी होती. ती मांडायला बैठक होती, तक्ते होते, वेळही होता. मग काय चुकलं? मला वाटतं, त्या रात्री प्रश्न उलटा झाला. एरवी उड्डाणाआधी 'हे सुरक्षित आहे हे सिद्ध करा' असं विचारलं जायचं. त्या रात्री अभियंत्यांना सांगितलं गेलं की हे असुरक्षित आहे हे तुम्ही सिद्ध करा. इतक्या थंडीत सांधा कसा वागतो याचे पुरेसे आकडे कुणाकडेच नव्हते, आणि आकडे नसणं हीच तर त्यांची भीती होती. पुरावा नाही म्हणून शंका फेटाळली गेली. पुरावा नाही म्हणूनच थांबायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाच्या अहवालात आहे. उड्डाणाला अंतिम परवानगी देणाऱ्या सगळ्यांत वरच्या माणसांना या बैठकीची माहितीच दिली गेली नव्हती. तीन ठिकाणी फोन लावून रात्री झालेला वाद मार्शलच्या पातळीवर मिटला, आणि मिटला म्हणून वर कळवण्याची गरज उरली नाही असं ठरलं. मिटलेल्या वादाची बातमी वर जात नाही, हा मोठ्या गटांचा फार जुना रोग आहे.

याच्या सतरा वर्षांनंतर 'कोलंबिया' या शटलचं काय झालं, ते आपल्याला कल्पना चावलामुळे अधिक जवळून आठवतं. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाण होत असताना इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. पंखाला किती इजा झाली हे पाहण्यासाठी अंतराळातच त्याची छायाचित्रं घ्यावीत, अशी मागणी अभियंत्यांकडून निरनिराळ्या वाटांनी झाली. वरून ती मान्य झाली नाही. एका अभियंत्याने कडक शब्दांत ई-मेल लिहिला आणि पाठवलाच नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. याही वेळी अभियंत्यांवर धोका सिद्ध करण्याचा भार पडला होता, असं चौकशी मंडळाने लिहिलं. आणि धोका सिद्ध करण्यासाठी जी छायाचित्रं लागली असती, तीच त्यांना नाकारली गेली होती.

ही माणसं वाईट होती का? मला तसं वाटत नाही, आणि तसं मानून पुढे गेलो तर हाती काही लागणार नाही. गट मोठा झाला की संवादाचं गणितच बदलतं. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये सिस्टीम ३६०च्या संगणक प्रणालीचं अवाढव्य काम सांभाळलं आणि १९७५ मध्ये त्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलं की गटात माणसं वाढली की त्यांच्यातल्या जोड्या कितीतरी वेगाने वाढतात. पाच माणसांत दहा जोड्या होतात आणि पन्नास माणसांत १,२२५. प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचं म्हटलं तर कामाला वेळच उरणार नाही. म्हणून उतरंड लागते. कनिष्ठ अभियंता उपअभियंत्याला सांगतो, तो कार्यकारी अभियंत्याला, तो अधीक्षक अभियंत्याला, तो मुख्य अभियंत्याला. आणि प्रत्येक पायरीवर मजकूर आखूड होतो, कारण आखूड करणं हेच त्या पायरीचं काम.

सरांच्या बाबतीतला एक प्रसंग इथे सांगतो. मातीच्या धरणाच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी रोज व्ही-नॉचवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेवर, मोजतात. पाणी किती येतं यापेक्षा ते नितळ आहे की गढूळ, याला जास्त महत्त्व. गढूळ पाणी आलं तर धरणाच्या पोटातली माती वाहून निघाली असण्याची शक्यता असते. आमच्या एका धरणावर मोजणी करणाऱ्या कर्मचाऱ्याने रोजच्या नोंदवहीत आकड्यापुढे लिहिलं होतं, 'पाणी मातकट.' साप्ताहिक अहवालाच्या छापील नमुन्यात रकाना होता तो फक्त लिटरचा. आकडा मागच्या आठवड्याइतकाच होता. कनिष्ठ अभियंत्याने आकडा उतरवला, उपविभागाने शेरा मारला 'सामान्य', आणि विभागाने तो तसाच पुढे पाठवला. तीन पायऱ्या झाल्या आणि कुणीही खोटं लिहिलं नाही.

सर पाहणीला आले की अहवाल बाजूला ठेवून मूळ नोंदवही मागत. त्यांनी ते दोन शब्द वाचले आणि लिहिणाऱ्याला बरोबर घेऊन थेट पायथ्याशी गेले. पायथ्याच्या गाळणथराची दुरुस्ती पुढे झाली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी त्याच दिवशी नोंदवहीत केलं ते. त्या नोंदीशेजारी, समासात, त्यांनी आपल्या हाताने लिहिलं की नोंद योग्य आहे, काय पाहिलं, काय करायला सांगितलं, आणि खाली सही केली. त्या वहीत पुढच्या पानांवर शेरे वाढत गेले. पाण्याचा रंग, उंदरांची बिळं, पिचिंगचा हललेला दगड. माणसं तीच होती, पगारही तोच. आपण लिहिलेलं कुणी वाचतं आणि त्याचं उत्तर येतं, एवढं त्यांना कळलं होतं.

आता पुन्हा मार्शलकडे येऊ. चॅलेंजरच्या रात्री जिथे वाद मिटवला गेला तेच हे केंद्र, आणि त्याच केंद्रात १९६०च्या दशकात माणसांना चंद्रावर नेणारा 'सॅटर्न ५' अग्निबाण घडला. तेव्हाचे संचालक वेर्नर फॉन ब्राउन. हा माणूस हिटलरच्या जर्मनीसाठी व्ही-२ बनवत होता, आणि ते अग्निबाण छळछावणीतल्या कैद्यांकडून, हजारोंच्या मरणाची पर्वा न करता, बनवून घेतले गेले. हे सांगितल्याशिवाय त्यांचं नाव घेऊ नये असं मला वाटतं. माणूस म्हणून त्यांना मी तुमच्यापुढे ठेवत नाही. त्यांनी मार्शलमध्ये पाडलेली एक रीत मात्र सांगायलाच हवी.

केंद्रात हजारो माणसं. फॉन ब्राउन यांनी प्रयोगशाळांच्या आणि प्रकल्पांच्या सुमारे दोन डझन प्रमुखांना सांगितलं की दर सोमवारी मला एका पानाची चिठ्ठी पाठवा. आठवड्यात काय झालं, काय अडलं, कशाची काळजी वाटते, ते लिहा. ठरलेला नमुना नाही, रकाने नाहीत. मधल्या अधिकाऱ्याची सही किंवा दुरुस्तीही नाही, चिठ्ठी थेट त्यांच्याकडे. ते प्रत्येक चिठ्ठी वाचत आणि समासात हाताने लिहीत: प्रश्न, शाबासकी, मतभेद, 'अमक्याशी बोला.' मग सगळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, समासातल्या मजकुरासकट, छापून सगळ्या प्रमुखांना परत जायचा. 'मंडे नोट्स' या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. संवादशास्त्राचे अभ्यासक फिलिप टॉम्पकिन्स १९६७ मध्ये तिथे सल्लागार म्हणून गेले होते आणि त्यांनी या चिठ्ठ्यांचा बारकाईने अभ्यास केला.

याने काय साधलं ते पाहा. इंजिनवाल्याला कळायचं की मार्गदर्शन यंत्रणावाल्याचं कुठे अडलं आहे, आणि ते त्याला वरून गाळून आलेल्या परिपत्रकातून कळत नव्हतं, शेजाऱ्याच्याच शब्दांत कळत होतं. दोन प्रयोगशाळांचं जमत नसेल तर ते कागदावर सगळ्यांसमोर यायचं, आणि वरिष्ठाने त्यावर काय म्हटलं तेही. वाईट बातमी लिहिणाऱ्याचं काय होतं, हे सगळे दर आठवड्याला वाचत होते. त्याचा परिणाम खालपर्यंत गेला. सोमवारी काय लिहायचं हे कळावं म्हणून या प्रमुखांनी आपापल्या हाताखालच्यांकडून शुक्रवारी टिपणं मागायला सुरुवात केली. कुणी आदेश काढला नव्हता. एका समासातल्या उत्तरांमुळे खालच्या दोन-तीन पायऱ्या बोलू लागल्या.

फॉन ब्राउन १९७० मध्ये मार्शलमधून गेले. चिठ्ठ्या पुढेही येत राहिल्या, पण समासातला मजकूर आटला आणि त्यांना नेहमीच्या अहवालांचं वळण आलं. चॅलेंजरच्या चौकशीत मार्शलविषयी जे बाहेर आलं, ते याच्या सोळा वर्षांनंतरचं. दोन्हींचा थेट कार्यकारणसंबंध मी जोडत नाही, तेवढा पुरावा माझ्यापाशी नाही. पण इमारत तीच, संस्था तीच, आणि बुद्धिमान माणसांची वाणही नव्हती.

नुसता नमुना पुरत नाही हे पाहायचं असेल तर शस्त्रक्रियागृहाकडे वळावं लागेल. शल्यविशारद अतुल गवांदे यांचं नाव तुम्हाला माहीत आहे. त्यांचे वडील महाराष्ट्रातल्या एका खेड्यातून अमेरिकेत गेले. गवांदे यांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने शस्त्रक्रियेआधी आणि नंतर मोठ्याने वाचायची एक यादी केली. त्यात एक गोष्ट अशी की चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे अडचण दिसली तर बोलतो, असा त्यामागचा विचार. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आलेलं दिसलं. मग कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ती यादी १०१ रुग्णालयांत लागू झाली, आणि २०१४ साली छापून आलेल्या अभ्यासात लक्षणीय घट दिसली नाही. यादी तीच होती. त्याच्या कारणांवर वैद्यकीय जगात वाद आहे. माझा कौल असा की यादीवर खूण करणं आणि खोलीतल्या कनिष्ठ परिचारिकेने 'थांबा' म्हटल्यावर शल्यविशारदाने हात थांबवून तिला उत्तर देणं, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. पहिली परिपत्रकाने होते. दुसरी वरिष्ठाने स्वतः करून दाखवावी लागते.

आपल्याकडे आज साधनांची कमतरता नाही. प्रत्येक कामाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तड्याचा फोटो पाच मिनिटांत मुख्य अभियंत्याच्या मोबाइलवर पोहोचतो, त्याला अंगठा मिळतो, आणि पाठवणारा समजतो की काम झालं. अंगठ्याने फोटो पाहिला गेला हे कळतं, पुढे कोण काय करणार ते कळत नाही. मार्स क्लायमेट ऑर्बिटरच्या ई-मेलांत आणि या फोटोत मला फरक दिसत नाही. हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांवर काम करणारी मुलं मला सांगतात की रोज सकाळी पंधरा मिनिटं सगळे उभे राहून आपापली प्रगती सांगतात. 'काही अडचण?' असं विचारलं जातं, आणि गो-लाइव्हची, म्हणजे प्रणाली सुरू करण्याची, तारीख आधीच ग्राहकाला कळवलेली असली की 'नाही' याखेरीज उत्तर कुणी देत नाही. प्रश्न विचारला जातो, पण खरं उत्तर आलं तर तारीख हलेल का, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं.

शिवाय आपल्या बोलण्यात वय, हुद्दा आणि मान यांचा भार असतो. तो मला नको आहे असं नाही. सरांना आम्ही कधी नावाने हाक मारली नाही आणि मारावीशीही वाटली नाही. पण साहेबांचं मत एकदा ऐकलं की त्याच्या विरुद्ध बोलणं हा अवमान ठरतो, आणि खोलीतली बाकीची मतं तिथेच विरतात. म्हणून सर साइटवरच्या बैठकीत सगळ्यांत धाकट्यापासून सुरुवात करत आणि स्वतः शेवटी बोलत. यात मानाला कुठे धक्का लागत नव्हता. फक्त क्रम बदलला होता. हे प्रत्येक विभागात उद्यापासून करता येईल, त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायला नको. इतिवृत्तात निर्णय लिहितात तशी शंकाही, शंका घेणाऱ्याच्या नावासकट, लिहिली जावी. तिच्यापुढे उत्तर आणि उत्तर देणाऱ्याचं नाव येईपर्यंत तो मुद्दा पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर राहावा. कार्यकारी अभियंत्याने आठवड्यातून एकदा तरी अहवालाऐवजी मूळ नोंदवही वाचावी आणि समासात काहीतरी लिहावं. जलाशय भरताना, पूल खुला करताना, प्रणाली सुरू करताना, 'धोका आहे हे दाखवा' असं कनिष्ठाला विचारणारा वरिष्ठ दिसला, तर त्याच्या वरच्याने तिथेच प्रश्न सरळ करून घ्यावा.

राहता राहिला शंका घेणाऱ्या माणसाचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चॅलेंजरच्या रात्री थायोकोलचा अॅलन मॅक्डोनल्ड केनेडी केंद्रात होता. त्या घनइंधन रॉकेट प्रकल्पाचा तो संचालक. उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला त्याने नकार दिला, तेव्हा युटातल्या त्याच्या वरिष्ठाने सही करून कागद फॅक्सने पाठवला. दुर्घटनेनंतर आयोगाची बंद दाराआडची सुनावणी चालू असताना मॅक्डोनल्ड मागच्या रांगेत बसला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्रीच्या वादाबद्दल पुढे गोलमोल बोललं जातंय हे पाहून तो उठला आणि त्याने सांगितलं की ५३ अंशांखाली उडवू नका, असं आम्ही कळवलं होतं. चौकशीची दिशा तिथून बदलली.

कंपनीने मॅक्डोनल्डची पदावनती केली. बॉइसजोलीला सहकाऱ्यांनी जवळजवळ वाळीत टाकलं, आणि त्याने नोकरी सोडली. पुढे १९८८ मध्ये अमेरिकन विज्ञान संघटनेने त्याच्या सचोटीसाठी त्याचा सन्मान केला, पण तो पुन्हा अग्निबाणांच्या कामावर गेला नाही. मॅक्डोनल्डच्या बाबतीत अमेरिकन संसदेने हस्तक्षेप केला. एका सदस्याने थायोकोलला यापुढे कंत्राटच देऊ नये असा ठराव मांडला, तेव्हा कंपनीने मॅक्डोनल्डला परत वर घेतलं आणि त्या सांध्याची नव्याने रचना करण्याचं काम त्याच्या हाती दिलं. ज्या सांध्यावरून त्याने सही नाकारली होती तोच सांधा. सुधारलेल्या सांध्याची रॉकेट घेऊन 'डिस्कव्हरी' २९ सप्टेंबर १९८८ रोजी उडालं, आणि २०११ मध्ये शटल निवृत्त होईपर्यंत त्या सांध्याने पुन्हा दगा दिला नाही. आपल्या खात्यात ज्याने वेळेवर नकार दिला, त्याची बदली कुठे होते आणि त्या कामाची दुरुस्ती कुणाकडे जाते, याच्या नोंदी प्रत्येक विभागीय कार्यालयात आहेत. त्या काढून पाहाव्यात, एवढी विनंती मी समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना करतो.